मोडकांच्या निषादची बंडी

सोवळं संपलं असं समजून आमच्या पिढीनं सुटकेचा निःश्वास टाकला होता. ते एक दिवस बंडी घालून परत येईल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी त्याला थापाड्या म्हटलं असतं. आणि थापाड्या हा शब्द आमच्या घरात खास माझ्यासाठी राखून ठेवलेला आहे.

आमच्या आत्याबाई स्वयंपाकाला धाबळी नेसायच्या. धाबळी म्हणजे लोकरीचं जाडंभरडं सोवळ्याचं वस्त्र. सुती लुगडं कुणाचा हात लागला की विटाळायचं, लोकर मात्र विटाळत नाही असं शास्त्र होतं. त्यामुळे ती धुवायचा प्रश्नच नव्हता. ती इतकी टोचायची की आत्याबाईंचा स्वभाव तिच्यामुळेच तसा झाला असावा, असं मला अजून वाटतं.

ह्या गोष्टीतली लोकर टोचत नाही. ती मेरिनोची. मेरिनो ही मेंढीची जात मूळची स्पेनकडची, पुढं ऑस्ट्रेलियात फोफावलेली. तिचा धागा माणसाच्या केसाच्या चौथ्या हिश्शाइतका बारीक. जाड धागा कातडीला टेकला की भाल्यासारखा उभा राहतो. हा टेकला की वाकतो. मऊपणाचं गुपित एवढंच. धागा कुरळा, त्या वळ्यांत हवा अडकून बसते, म्हणून थंडीत ऊब. वरून तो पाण्याचा थेंब झटकून टाकतो, पण आतून घामाची वाफ पीत राहतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी पिऊन वर कोरडाच्या कोरडा. म्हणून उन्हातही अंग चिकचिकत नाही. ठिणगी पडली तर भडकत नाही, मातीत गेला तर खत होतो. आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे, घामाबरोबर येणारे वासाचे रेणू हा धागा पोटात धरून ठेवतो. धुतला की सोडतो, तोवर चकार शब्द काढत नाही.

इथवर सगळं मेंढीचं कर्तृत्व. इथून पुढं माणसाचं.

पुण्याबाहेरच्या ‘ऊर्णा’ नावाच्या कंपनीनं ह्या धाग्याच्या पोटातल्या प्रथिनांची घडण अशी काही बदलली की त्यात वास साठवायला हजारो खोल्या झाल्या. बंडी महिनोन्‌महिने धुवायला नको. दिवसा अंगातली वाफ आत शिरायची, रात्री बंडी खुंटीला लावली की वाफ निघून जायची, वास मात्र आतच राहायचा. रोजच्या ह्या भरती-ओहोटीनं धाग्यात दिवसांची वलयं पडायला लागली, झाडाच्या खोडात वर्षांची पडतात तशी. मग कुणा रसायनवाल्याच्या ध्यानात आलं की ठरावीक क्षारांच्या कोमट पाण्यात बंडी बुडवली तर ही वलयं एकेक करून सुटतात; कालचं आधी, परवाचं नंतर. आणि कष्टाचा घाम वेगळा, तापाचा वेगळा, धसक्याचा वेगळा. म्हणजे ते पाणी वाचलं की माणसाची रोजनिशीच वाचली.

त्या बिचाऱ्याला हे डॉक्टरांच्या हाती द्यायचं होतं. रोग लवकर कळावेत, एवढीच त्याची इच्छा. पण डॉक्टरांच्या आधी ते लग्नं जुळवणाऱ्यांच्या हाती पडलं. तो कोपऱ्यात बसून सांगत राहिला की घामावरून स्वभाव कळत नाही. ऐकतो कोण? पत्रिका गेल्या, रक्तगट गेले आणि बंडीबघणी आली. मुलानं आणि मुलीनं चातुर्मासभर बंडी अंगावर वागवायची आणि तुळशीचं लग्न लागलं की वाचनघाटावर न्यायची. वाचनघाट म्हणजे दुकान. काचेची टाकी, पांढऱ्या कोटातला वाचक आणि बाहेर नटूनथटून बसलेले दोन्हीकडचे लोक. ज्यांनी आपल्या आज्यांच्या सोवळ्याला नाकं मुरडली होती, तेच आता दुसऱ्याच्या पोराची बंडी चिमट्यात धरून विचारत होते, “निर्मळ आहे ना?”

आमची शाल्मली ह्यातच सापडली. ही माझ्या भाचीची, प्राजक्ताची, मुलगी. वाईच्या शाळेत भूगोल शिकवते. साताऱ्याच्या मोडकांचा निषाद तिला आवडला होता. निषाद धरणाच्या दरवाज्यांची यंत्रं बघायचा, दिसायला बरा होता, बोलायला गोड होता. दर रविवारी दोघं मेणवलीच्या घाटावर भेटायची. एकमेकांची पसंती झालेली असताना बंडीचं काय काम, असं मी विचारलं.

“मामा, तू गप्प बस,” प्राजक्ता म्हणाली. “ऋजुताबाईंनी अट घातलीय. त्यांच्याकडे सगळ्या सुनांची झालीय.”

ऋजुताबाई म्हणजे निषादच्या मातोश्री. बोलताना प्रत्येक वाक्य इस्त्री करून बाहेर काढणारी बाई.

त्याच चातुर्मासातली गोष्ट. नवरात्राच्या तोंडावर मी घोंगडी आणायला वाठारच्या माळावर गेलो होतो. तिथं धनगरांच्या वाड्यावर मेंढ्यांची लोकर कातरणं चाललं होतं, आणि शेजारच्या बाभळीवर ओळीनं पांढऱ्याशुभ्र बंड्या टांगलेल्या. उंची कापड, काजे-बटणं, गळ्याला नावाच्या पट्ट्या. घरी येऊन मी सांगितलं, “वाठारला बाभळीला मेरिनोच्या बंड्या लागल्यात.” प्राजक्ता हसली, शाल्मली हसली, शेजारचे लोक हसले. मी सांगतो त्यातलं खरं तेवढं लोक नेमकं टाकून देतात.

तुळशीचं लग्न झालं आणि आम्ही साताऱ्याच्या वाचनघाटावर जमलो. आधी निषादची बंडी टाकीत गेली. वाचकानं सगळी वलयं ओळीनं सुटू दिली, पहिल्या आणि शेवटच्या काहींवरून बंडी ह्याच मुलाची असल्याची खातरजमा केली, मग मधली वलयं वाचली. वाचता वाचता त्याचे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत.

“असं स्थळ मी पाहिलं नाही,” तो म्हणाला. “राग नाही. मत्सर नाही. चिंता नाही. आहार शुद्ध शाकाहारी. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी एकदाच काय तो जबरदस्त धसका, बाकी सगळे दिवस नुसती शांती.”

“लहानपणापासून असाच आहे,” ऋजुताबाई म्हणाल्या आणि पदराचं टोक उगाच नीट केलं.

“घटस्थापनेच्या आदल्या दिवशी काय झालं होतं हो?” मी निषादला विचारलं.

“धरणावर... एक दरवाजा अडकला होता,” तो म्हणाला आणि आपल्या बुटांकडे पाहायला लागला.

मग शाल्मलीची बंडी. वाचकाचा चेहरा बदलला. आठवडाभर ठीक, आणि दर रविवारी धसका. छाती धडधडलेली, तळहात घामेजलेले. रविवारमागून रविवार तेच. एकही चुकलेला नाही.

ऋजुताबाईंनी चष्मा काढून पुसला. “प्राजक्ताताई, मुलीच्या मनात काही लपवाछपवी आहे का? स्पष्ट विचारते, राग मानू नका. रविवारी ती आमच्या निषादला भेटते. शांत मुलाजवळ बसून मुलगी घाबरते, म्हणजे काय समजायचं आम्ही?”

“ती घाबरत नाही हो,” प्राजक्ता कासावीस झाली. “शाल्मली, सांग ना!”

शाल्मली लाल झाली. चारचौघांत काय सांगणार? निषादनं सांगायला हवं होतं. तो बुटांकडेच पाहत होता.

शेवटी ऋजुताबाईंनी मोठ्या मनानं तोडगा काढला. मुलीनं नवी बंडी घ्यावी आणि पाडव्यापर्यंत पुन्हा घालावी. तेवढ्यात मन ताळ्यावर आलं तर ठीक. प्राजक्तानं त्यांचे आभार मानले. आभार! मी बाहेर येऊन पान खाल्लं, नाहीतर काहीतरी बोलून बसलो असतो.

मग सुरू झाली माणूस निवण्याची तालीम. शाल्मली पहाटे श्वास मोजायला लागली. चहा सोडला. मुलांबरोबर पांडवगड चढायची तिची सहल असायची, ती दुसऱ्या बाईंना देऊन टाकली. चढाला छाती भरते ना! रविवारी घाटावर जाण्याआधी थंड पाण्यानं हात-पाय धुवायची.

“काय होतं गं तुला रविवारी?” एकदा मी विचारलं.

“काही नाही, आजोबा. तो वरून पायऱ्या उतरताना दिसला की पोटात काहीतरी हलतं. हात गार पडतात.”

“अगं, त्याला भीती नाही म्हणत.”

“मला माहीत आहे काय म्हणतात ते. यंत्राला माहीत नाही. त्याच्या लेखी दोन्ही एकच.”

“मग निषादला सांग.”

“त्याला माहीत आहे. तो म्हणतो, आईशी वाद नको, तू जरा शांत व्हायला शीक.”

ज्या पोरीची छाती ह्या मुलाला पाहून धडधडायची, तिला आता ती न धडधडू देण्याचा अभ्यास लावला होता. आणि तो पुरा झाला की तिचं त्याच्याशीच लग्न लावणार होते. एवढी अक्कल मेंढरात नसते, त्याला माणूसच लागतो.

संक्रांत आली. प्राजक्तानं हळदीकुंकू केलं. पुरुषांना तिथं मज्जाव, म्हणून मी आतल्या खोलीत तिळाच्या वड्यांचं ताट राखत बसलो होतो. बाहेर बायकांमध्ये जावयांच्या आणि होणाऱ्या जावयांच्या बंड्या निघाल्या. कुणाच्याही जावयात राग नव्हता, मत्सर नव्हता. सगळे शाकाहारी.

“आमच्या जावयाला एकदाच काय ते घाबरायला झालं होतं म्हणे,” कऱ्हाडच्या एक बाई सांगत होत्या. “घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. बँकेत दरोड्याची घंटा वाजली.”

“अगंबाई, आमच्याही त्याच दिवशी! त्यांची लिफ्ट बंद पडली होती.”

“आमच्याकडच्यांना कुत्रं लागलं होतं पाठी. त्याच दिवशी!”

“कित्ती योगायोग!” प्राजक्ता म्हणाली आणि पुढं बोलायची थांबली.

आत माझ्या हातातली वडी हातातच राहिली. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी वाठारला होतो. मी दारातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणालो, “त्या दिवशी बाभळीला बंड्या लागल्या होत्या.”

कुणीच हसलं नाही. शाल्मलीच्या हातातलं कुंकवाचं ताम्हन कलंडलं.

दुसऱ्या दिवशी ती आणि मी वाठारला गेलो. धुळाप्पा नावाचा धनगर बाजेवर बसून मोबाइल बघत होता. मागं माळावर कळप चरत होता आणि कळपातल्या निम्म्या जनावरांच्या अंगावर पांढऱ्या मेरिनोच्या बंड्या होत्या. पुढचे पाय बाह्यांत, पोटाशी बटणं. अंगात निसर्गानं दिलेलं घोंगडं, त्यावर ऑस्ट्रेलियाची बंडी. आणि चेहऱ्यावर असा तोरा, की लग्नाच्या मांडवात मानपानाला बसलेत.

“कुणाचं घेऊन आला?” धुळाप्पानं विचारलं. “आता जागा न्हाय. चातुर्मासात ज्यांचं ऱ्हायलं त्येंच्या बंड्या हायती, पाडव्यापातुर समदी जनावरं गुंतल्यात.”

“बघायला आलोय,” मी म्हणालो. “कोण कोण आहे?”

त्याला गिऱ्हाईक वाटलो असणार. त्यानं काठीनं दाखवायला सुरुवात केली. “त्यो काळ्या कानाचा, त्यो कऱ्हाडचा डॉक्टर. ह्यो लंगडतोय न्हवं, ह्यो अमेरिकेत असतोय. ती कडंची तिघं सख्खं भाऊ हायती कोरेगावची. पयलं चार दिस आन्‌ शेवटचं चार दिस पोरानं घालायची, मधलं समदं दिस आमच्याकडं.”

“आणि यंत्राला मेंढराचा वास येत नाही?”

“कसा यील? लोकरच मेंढराची. त्यो वास ते यंत्र आदीच वजा करतंय, कापडाचा म्हनून. ऱ्हातंय काय? नुसता सबाव!” तो खुशीत आला. “पर खच्ची केल्यालाच लागतो बगा. मोकळा मेंढा मारका आसतोय. सुरवातीला एकाला घातली, तर पोरगं लई तापट निगालं. मोडलं की लगीन!”

“कातरताना बंड्या काढता?”

“काढाव्याच लागत्यात. त्या दिशी भेत्यात बिचारी. कात्री दिसली की थरथरत्यात. मग पुन्यांदा घालायची. त्येला इलाज न्हाय.”

शाल्मलीनं विचारलं, “साताऱ्याच्या मोडकांची होती का, मागच्या चातुर्मासात?”

“मोडक? व्हती की. घोळ हुऊ नये म्हनून नावं बी तीच ठेवतो आमी.” त्यानं तोंडानं आवाज काढला आणि हाक मारली, “निशाद! ए निशाद, हिकडं ये!”

कळपातून एक पांढरा मेंढा वर मान करून पाहायला लागला आणि सावकाश चालत आला. गोल, तृप्त, निर्विकार. शाल्मलीच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्यानं डोळे मिटले.

“खरंच शांत आहे,” ती म्हणाली.

परतताना गाडीत ती हाताला चिकटलेली लोकर काढत बसली. मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी ती घाटावर गेली. मी वरच्या पायरीवर पाठ करून बसलो होतो. पाठ केली म्हणून ऐकू येणं बंद होत नाही.

“निषाद, एक विचारू? ती बंडी तू स्वतः घातली होतीस ना?”

“म्हणजे काय! मग कुणी घातली?”

“सगळा चातुर्मास?”

“शाल्मली, असं काय विचारतेस? विश्वास नाही का माझ्यावर?”

“दरवाजा अडकला तेव्हा खूप घाबरलास?”

“खूप,” तो म्हणाला. “पण तुझी आठवण काढली आणि शांत झालो.”

मी मागं वळून पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत होती. त्या मेंढ्याकडे पाहिलं होतं तशी, पण तितक्या प्रेमानं नव्हे. त्याला पळवाट तिनं दिली होती. आईनं करायला लावलं, मला तोंड नव्हतं, चुकलो, एवढं म्हणाला असता तर ती विरघळली असती. माझी नात आहे, मला ठाऊक आहे. पण ह्या मुलाला खोटं बोलतानाही मेंढराच्या कातरणीची भीती स्वतःची म्हणून सांगावी लागत होती. स्वतःची अशी भीतीसुद्धा नव्हती त्याच्याजवळ.

घरी आल्यावर मी म्हणालो, “झालं. आता मोडून टाक. मी जाऊन सांगतो त्या बाईला.”

“नाही,” ती म्हणाली. “बंडी पाडव्यापर्यंत घालीन.”

“कशाला ती अवलक्षणी बंडी?”

“बंडीनं काय केलंय? ऊब देते, टोचत नाही, वास मारत नाही. माणसांपेक्षा बरी आहे. आणि आजोबा, रविवारीही जाईन मी. भेटेन त्याला.”

आणि ती खरंच जात राहिली. श्वास मोजणं सोडलं. चहा पुन्हा सुरू केला. मुलांना घेऊन पांडवगड चढून आली आणि घामानं निथळत घरी आली तेव्हा कितीतरी दिवसांनी गात होती. प्राजक्ताला वाटलं, पोरगी सावरली. मी तिला वाठारचं सगळं सांगितलं, पण मी सांगितलं म्हटल्यावर ती अर्ध्यातच उठून गेली.

पाडव्याच्या आधी पुन्हा वाचनघाट. ऋजुताबाई ठेवणीतलं पातळ नेसून आलेल्या, सोबत निषाद. बंडी टाकीत गेली. वाचक वाचू लागला आणि त्याच्या तोंडावर हसू पसरत गेलं.

“अभिनंदन! संक्रांतीनंतरचा एकेक रविवार पाहा. पाण्यासारखा संथ. ना धडधड, ना घाम. मुलाच्या सान्निध्यात पूर्ण शांती! मध्ये एकदा जोराची धडधड आहे, पण ती शनिवारी. कष्टाची दिसते, चढावरची. ती गुणातच धरतात.”

“बघा!” ऋजुताबाई उठल्याच. “मी म्हटलं नव्हतं, मन लावलं की जमतं? प्राजक्ताताई, आता मुहूर्त बघू.”

प्राजक्तानं डोळ्यांना पदर लावला. निषाद पहिल्यांदाच बूट सोडून वर पाहून हसला.

शाल्मली टाकीजवळ उभी होती. तिनं विचारलं, “संक्रांतीच्या आधीचे रविवार कसे आहेत?”

वाचकानं आणखी पाणी सोडलं. “ते... त्यात आहे जुना दोष. खूपच आहे. संक्रांतीच्या आदल्या रविवारी तर...” त्यानं मान हलवली. “पण ते गेलं आता. नामशेष झालं.”

“हो,” शाल्मली म्हणाली. “तेच विचारायचं होतं.”

मग ती ऋजुताबाईंकडे वळली. आवाज वर्गात भूगोल शिकवताना असतो तसाच. “काकू, यंत्र चुकलं नाही. आधी निषादला पाहिलं की मला काहीतरी व्हायचं. आता काही होत नाही. तुम्हाला शांत सून हवी होती, मी शांत झाले. पण मग लग्न कशाला करू?”

“हे काय बोलणं झालं?” ऋजुताबाईंची इस्त्री मोडली. “आमच्या मुलाची बंडी पसंत नव्हती का तुम्हाला?”

“होती. मनापासून होती. त्या बंडीतलं स्थळ वाठारच्या माळावर आहे. मी भेटून आले. हाक मारली की येतं आणि विचारलं तर खोटं बोलत नाही.”

बाहेर बसलेल्या बाकीच्या वरमायांनी आपापल्या मुलांच्या बंड्या हळूच पिशवीत घातल्या. निषादचं तोंड पांढरं पडलं, कपाळावर घाम आला. वाचक सवयीनं त्याच्याकडे निरखून पाहत म्हणाला, “हा मात्र अस्सल दिसतो.”

“आईनं सांगितलं म्हणून...” निषाद पुटपुटला.

“ते तू घाटावर म्हणायचं होतंस,” शाल्मली म्हणाली.

तिनं टाकीतली बंडी उचलली, पिळली आणि बादली मागितली. वाचक म्हणाला, पाणी दुकानाचं असतं. मी त्याला म्हटलं, पाणी दुकानाचं असेल, पण त्यातले रविवार आमच्या मुलीचे आहेत. बादली मिळाली.

वाईला येईपर्यंत ती बादली तिनं मांडीवर धरली होती. गाडी वळणावर हेलकावली तरी थेंब सांडू दिला नाही. प्राजक्ता सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होती. घर आल्यावर मला म्हणाली, “मामा, बाभळीचं खरंच होतं रे?” मी म्हणालो, “नाही, थाप होती.” एवढा हक्क आहे माझा.

शाल्मलीनं ते पाणी परसातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतलं. सगळं, हळूहळू. मग बंडी दोरीवर टाकली. तासाभरात वाळली, इस्त्रीची गरज पडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती अंगात घालून बाईसाहेब मुलांबरोबर गडावर गेल्या. आता दर आठवड्याला साध्या पाण्यात क्षार टाकून स्वतः धुते आणि पाणी झाडाला घालते. ऋजुताबाईंनी दोनदा निरोप पाठवला, पुन्हा एकदा बोलू म्हणून. मी कळवलं, जरूर या. कढीपत्ता इतका माजलाय की आमटीला रोज मूठभर तोडला तरी संपत नाही. रविवारचं जे काही वाचायचं असेल ते त्यात आहे. वाचता आलं तर वाचा, नाहीतर आमटी खाऊन जा.